भाताला जस्त कमी पडतंय का? आधी माती बघा, वाण बघा, मग खत

पनवेल, उरण, कर्जतकडे लावणीनंतर दोन ते चार आठवड्यांत खाचरात मधेच रोपं खुजी राहतात, फुटवे येत नाहीत. बरेच जण करपा समजून औषध मारतात. पण पुष्कळदा हा रोग नसून जस्ताची म्हणजे झिंकची कमतरता असते. याला खैरा म्हणतात. त्याचं कारण जस्त आहे, हे पंतनगरच्या डॉ. य. ल. नेने यांनी १९६० च्या दशकात दाखवलं.

ओळख : कोवळ्या पानाची मधली शीर बुडाकडे पांढुरकी होते. खालच्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके येतात.

वाणांत फरक का? जस्त कमी असलेल्या जमिनीत काही वाणं लावणीनंतर लवकर नवी मुळं फोडतात आणि तगून राहतात. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या अभ्यासात आयआर ७४ हे वाण अशा जमिनीत बसलं, तर आपल्या देशातलं जलमग्न टिकलं. म्हणून शेजाऱ्याला जस्ताचा फायदा झाला तरी वाण वेगळं असेल तर आपल्याला तेवढाच होईल असं नाही.

आणखी एक गोष्ट. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राची पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही वाणं खार सोसतात. पण खार सोसणं वेगळं आणि जस्त कमी असताना टिकणं वेगळं. खारजमिनीतही माती तपासूनच जस्त द्या.

माती परीक्षण : शेतात ८-१० ठिकाणची वीतभर खोल माती एकत्र करून अर्धा किलो नमुना द्या. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी असतात, त्यात जस्त, लोह, बोरॉन येतं. जस्त ०.६ पीपीएमच्या खाली असेल तर कमतरता धरा. कोकणच्या तांबड्या मातीत लोह भरपूर असतं, त्यामुळे पत्रिका न बघता लोहाचं मिश्रण घेऊ नका.

किती द्यायचं? चिखलणीला एकरी १० किलो झिंक सल्फेट, म्हणजे गुंठ्याला २५० ग्रॅम. त्याचा उपयोग पुढच्या दोन-तीन पिकांनाही होतो, दरवर्षी टाकायची गरज नाही. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये मिसळू नका, जस्त अडकून बसतं. उभ्या पिकात लक्षणं दिसली तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी घालून फवारा.

स्वतः करून बघा : कर्जत-३, कर्जत-७, रत्नागिरी-१ किंवा तुमचं जे वाण असेल, त्याच्या प्रत्येकी दोन गुंठ्यांत एका गुंठ्याला जस्त द्या, दुसऱ्याला नको. मध्ये बांध ठेवा, बाकी खत-पाणी सारखंच. कापणीला दोन्हींचं भात वेगळं मोजा. फरक पडला नाही तर त्या वाणावर पुढच्या वर्षी पैसा वाचेल.