काळ्या शेवया आणि गाजराची कोशिंबीर

परदेशातला मुक्काम लांबला की माणूस दोन गोष्टी शोधू लागतो. आपल्या भाषेत बोलणारं कुणीतरी, आणि जिभेला ओळखीचं वाटेल असं काहीतरी. पहिली गरज हल्ली फोनवर भागते. दुसरीसाठी मात्र पायपीट करावी लागते.

दक्षिण कोरियातल्या इंचॉन शहरात मी दोन खेपांना मिळून सहा महिने राहिलो. जावयाची नोकरी तिथल्या सोंगदो भागात, समुद्रात भराव घालून वसवलेल्या नव्या वस्तीत. लेक-जावई कामावर गेले की मी मोकळा. कोरियन बोलता येत नव्हतं, पण अक्षरं पंधरा दिवसांत लागली. राजा सेजोंगनं १४४६ साली प्रसिद्ध केलेली ही लिपी शिकायला खरोखरच सोपी आहे. मला ती शिकायची घाईही होती. मी मुसलमान, डुकराचं मांस खात नाही, आणि कोरियन स्वयंपाकात ते कुठल्या रश्श्यात लपलेलं असेल याचा नेम नाही. तेव्हा ‘द्वेजीगोगी’, म्हणजे डुकराचं मांस, हा मला वाचता आलेला पहिला कोरियन शब्द. थोडक्यात, परक्या देशात मी परक्यांचीच हॉटेलं शोधत हिंडलो आणि हिंडता हिंडता त्या शहराचा इतिहास हाती लागला. म्हणून आजचं हे बोलणं खाण्याविषयी कमी आणि इतिहासाविषयी जास्त आहे.

सोंगदोच्या चकचकीत मॉलमध्ये इटालियन, मेक्सिकन, भारतीय सगळं मिळतं. पण सगळ्याला थोडी थोडी साखर लागलेली. ती हॉटेलं स्थानिकांच्या हौसेसाठी असतात. चांगलं परदेशी जेवण मिळतं ते जिथं परदेशी माणूस पोटासाठी आला आणि आपल्याच माणसांसाठी चूल मांडून बसला तिथं. मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळी आठवा. कोकणातून, घाटावरून आलेल्या गिरणी कामगाराला गावाकडच्या चवीचा डबा हवा होता, म्हणून त्या निघाल्या; खवय्यांसाठी नव्हे. तेव्हा नव्या शहरात चांगलं हॉटेल शोधायचं तर आधी विचारायचं, या गावात कोण आलं, कधी आलं, कशासाठी आलं?

इंचॉनमध्ये या प्रश्नाचं पहिलं उत्तर रेल्वे स्टेशनच्या दारातच उभं आहे. समोर मोठी चिनी कमान, आत चढावर चायनाटाउन. हे बंदर १८८३ साली परदेशी व्यापाराला खुलं झालं; तेव्हा त्याला जेमुल्पो म्हणत. १८८४ मध्ये चीनच्या छिंग राजवटीला इथं वसाहतीसाठी जागा मिळाली. शेजारी जपान्यांची वसाहत. दोन्हींच्या मधला दगडी जिना अजून आहे, आणि त्याच्या एका अंगाचे दगडी दिवे चिनी घडणीचे, दुसऱ्या अंगाचे जपानी. पिवळ्या समुद्राच्या पलीकडच्या शानदोंग प्रांतातून व्यापारी आले, हमाल आले, भाजीवाले आले, आणि त्यांच्यामागून आचारी. त्यांच्या गावाकडे आंबवलेल्या सोयाबीनच्या परतलेल्या वाटणात शेवया कालवून खायची पद्धत होती. बंदरावरच्या मजुराला उभ्याउभ्या पोट भरायला ते बरं पडलं.

त्यातून जन्मलं जाजांगम्यॉन. गव्हाच्या जाड शेवया आणि वर कांदा, डुकराचं मांस घातलेला काळाभोर दाट रस्सा. १९०५ हे त्याचं जन्मवर्ष मानतात आणि २००५ मध्ये इंचॉननं त्याची शंभरी साजरीही केली. पदार्थाची जन्मपत्रिका इतकी नेमकी कशी असेल, असं माझ्या मनात येतं. पण ते असो. १९१२ मध्ये चीनमध्ये प्रजासत्ताक आलं तेव्हा इथल्या एका चिनी हॉटेलनं आपलं नाव बदलून ‘गोंगह्वाचुन’ ठेवलं, म्हणजे प्रजासत्ताकाचा वसंत. ते हॉटेल १९८० च्या दशकात बंद पडलं. त्याच इमारतीत २०१२ पासून जाजांगम्यॉनचं संग्रहालय आहे. शेवयांचं संग्रहालय! आपल्याकडे वडापावचं अजून व्हायचंय.

पण त्या संग्रहालयातून बाहेर पडल्यावर मला जे खटकत राहिलं ते वेगळंच. १९३१ च्या जुलैत, मांचुरियात वानपाओशान इथं चिनी आणि कोरियन शेतकऱ्यांत पाण्याच्या पाटावरून वाद झाला. कोरियन माणसं मारली गेली अशी चुकीची बातमी छापून आली आणि कोरियाभर चिन्यांवर हल्ले सुरू झाले. सुरुवात याच इंचॉनमध्ये झाली. सर्वांत भीषण प्रकार प्योंगयांगमध्ये घडला. शंभराहून अधिक चिनी मारले गेले. ज्यांच्या हातचं कालपर्यंत जेवत होते त्यांचीच दुकानं फोडली.

पुढं कोरियाची फाळणी झाली, युद्ध झालं. दक्षिण कोरियात राहिलेल्या चिन्यांना १९६० च्या दशकात नवे कायदे लागले. परकीय कुटुंबानं राहण्यासाठी २०० प्योंग आणि दुकानासाठी ५० प्योंगपेक्षा जास्त जागा घ्यायची नाही. ५० प्योंग म्हणजे आपल्या हिशेबानं पावणेदोन हजार चौरस फूट. हॉटेल चाललं तरी वाढवायचं नाही, असाच त्याचा अर्थ. अनेक चिनी कुटुंबं तैवानला, अमेरिकेला निघून गेली. जमिनीची ही बंधनं सुटली १९९८ मध्ये, आणि इथंच जन्मलेल्या चिन्यांना कायम वास्तव्याचा दर्जा मिळू लागला २००२ मध्ये. तोवर तिसरी-चौथी पिढीसुद्धा कागदावर उपरीच.

आणि नेमक्या याच वर्षांत त्यांच्या शेवया मात्र कोरियन झाल्या! युद्धानंतर अमेरिकेच्या मदतीतून गव्हाचं पीठ आलं, तांदूळ वाचवा म्हणून सरकारनं मोहीम चालवली, काळ्या वाटणात कॅरामेल घालून त्याची चव कोरियन जिभेला मानवेल अशी गोड केली गेली. शाळेचा शेवटचा दिवस असो की घर बदलण्याचा, घरोघर जाजांगम्यॉन मागवायचा रिवाज पडला. पत्र्याची पेटी हातात घेऊन धावणारा पोऱ्या कोरियन सिनेमात हमखास दिसतो. मला तो पदार्थ चाखता आला नाही, कारण उघड आहे. पण त्या गल्लीतून जाताना परतलेल्या कांद्याचा वास येई आणि वाटे, पदार्थाला जे नागरिकत्व मिळालं ते त्याच्या आचाऱ्याला मिळायला किती उशीर!

युद्धाचा विषय निघालाच आहे तर एक मराठी धागा सांगतो. १९५३ च्या युद्धबंदीनंतर, मायदेशी परतायला नकार देणाऱ्या कैद्यांच्या देखरेखीसाठी भारताचं दल कोरियात गेलं. त्याचे प्रमुख होते कोल्हापूरचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतावर रागावलेले. भारतीय सैनिकाला आमच्या भूमीवर पाय ठेवू देणार नाही, अशी त्यांची भूमिका. मग इंचॉनच्या बंदरात आलेल्या जहाजांवरून जवानांना हेलिकॉप्टरनं उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. त्याच बंदराच्या कठड्यावर बसून मी भाजलेले शेंगदाणे खात असे.

त्याच युद्धात संयुक्त राष्ट्रांच्या बाजूनं तुर्की सैन्यही लढलं होतं. त्यांच्याबरोबर इमाम होते, आणि त्यांच्यामुळं १९५५ मध्ये काही कोरियन माणसांनी इस्लाम स्वीकारून आपली संस्था काढली. पुढं कोरियाला अरब देशांची मैत्री हवी झाली. सरकारनं जागा दिली, पैसा मुस्लिम देशांनी दिला आणि १९७६ मध्ये सोलच्या इथेवॉन भागातल्या टेकडीवर मशीद उभी राहिली. हा भाग अमेरिकन लष्करी तळाला लागून. खाली सैनिकांचे बार, वर मशीद, मधल्या उतारावर हलाल हॉटेलं. २०२२ च्या ऑक्टोबरात चेंगराचेंगरीत दीडशेहून अधिक जीव गेल्यानं इथेवॉनचं नाव आपल्यापर्यंत पोचलं, पण मी तिथं जात असे तो जुम्म्याच्या नमाजासाठी आणि नंतरच्या पुलावासाठी. सैनिक २०१८ च्या सुमारास प्योंगतेकच्या नव्या तळावर गेले. पुलाव मागं राहिला.

तरी सोल लांब पडे. माझा खरा रस्ता म्हणजे सुइन रेल्वे. जपानी अमलात, १९३७ साली, मीठ आणि तांदूळ वाहून न्यायला ही अरुंद रुळांची लाइन टाकली होती. १९९५ अखेर ती बंद झाली, मग नव्या रुळांवर टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. तिनं तुम्ही इंचॉनच्या चायनाटाउनपासून थेट आन्सानला जाता. आन्सान हे कारखान्यांचं गाव. १९९३ पासून तिथं ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून परदेशी मजूर आणले गेले. नाव प्रशिक्षणाचं, काम मजुरीचं, पगार तुटपुंजा. २००४ पासून त्यांना कामगार म्हणून परवाने मिळू लागले. नेपाळी, पाकिस्तानी, बांगलादेशी, इंडोनेशियन, उझबेक आले. त्या परवान्यांच्या यादीत भारत नाही. म्हणून कोरियात ‘इंडियन’ पाटीच्या हॉटेलात शिरलात तर भटारखान्यात बऱ्याचदा नेपाळी भाऊ भेटतो. मला तो हिंदीत विचारी, ‘दाल में तडका ज्यादा?’ आणि पाटीवर ताजमहाल. पाटी चालणाऱ्या नावाची आणि हात खऱ्या माणसाचा, हे काही कोरियापुरतं नाही.

चांगल्या हॉटेलाची खूण मला आन्सानच्या वोन्गोक-दोंगमध्ये कळली. पाटीवर परकी अक्षरं मोठी आणि कोरियन अक्षरं बारीक असतील तर बेलाशक आत जावं. शेजारी मसाल्याचं दुकान आणि घरी पैसे पाठवण्याची पेढी असेल तर उत्तमच. आणि जावं रविवारी, कारखान्याच्या सुट्टीला. तेव्हा भांडी मोठी चढतात.

पण मला सर्वांत आवडलं ते लेकीच्या घरापासून जवळच असलेलं हाम्बाक. त्या वस्तीत शिरलं की पाट्या रशियन लिपीत. तंदूरमधून निघणारे जाड गोल नान, मटणाचे समसे, लगमान, प्लोव. समसा म्हणजे आपला समोसा आणि प्लोव म्हणजे पुलाव हे सांगायला नकोच. दुकानाच्या काचेमागे मात्र कोरियन चेहरे. हे लोक कोर्यो-साराम. १८६० च्या दशकापासून दुष्काळाला आणि गरिबीला कंटाळून कोरियन शेतकरी सीमेपलीकडे रशियात गेले. १९३७ च्या शरद ऋतूत, इकडे सुइन लाइन नुकती धावू लागली होती, तिकडे स्टालिननं सुमारे पावणेदोन लाख कोरियनांना गाड्यांत भरून हजारो किलोमीटरवरच्या कझाकस्तान-उझबेकिस्तानात नेऊन टाकलं. वाटेत आणि पहिल्या हिवाळ्यात फार माणसं गेली. तिकडे किमचीचा कोबी मिळेना. मग बायकांनी गाजर उभं किसून त्यात लसूण, धने, तिखट आणि व्हिनेगर घातलं, वर गरम तेल ओतलं. ही ‘कोरियन गाजर’ नावाची कोशिंबीर साऱ्या सोव्हिएत संघात बाजारोबाजार विकली गेली. फक्त कोरियात ती कुणाला ठाऊक नव्हती!

सोव्हिएत संघ मोडल्यावर हे लोक पूर्वजांच्या देशाकडे वळले. १९९९ मध्ये परदेशस्थ कोरियनांसाठी कायदा झाला, त्यात १९४८ पूर्वी देश सोडलेल्यांना वगळलं. म्हणजे नेमक्या यांना. घटना न्यायालयानं २००१ मध्ये ते अन्यायाचं ठरवलं. २००७ पासून कामाचा व्हिसा मिळू लागला, तरी चौथ्या पिढीला कायद्यानं ‘आपलं’ म्हणायला २०१९ उजाडलं. तोवर आईबाप कोरियन वंशाचे आणि त्यांची पोरं परदेशी.

ज्या बाईंकडे मी नेहमी जेवत असे त्या ताश्कंदकडच्या. त्यांच्या आजीला त्या गाडीत बसवलं होतं. मुलगा मोडकं इंग्रजी बोले, त्याच्याकरवी त्या म्हणाल्या, ‘तिकडे आम्हाला कोरियन म्हणायचे, इथं रशियन म्हणतात.’ मला हसू आलं. आपल्याकडे कविसंमेलनात कविता वाचून खाली उतरलो की कुणीतरी हमखास प्रेमानं म्हणतं, ‘तुमचं मराठी फार शुद्ध आहे हो!’ माझ्या आजीला तर दुसरी कुठली भाषाच येत नव्हती. हे मी त्यांना सांगितलं. मुलानं भाषांतर केलं, त्यांनी मान हलवली आणि माझ्या ताटात आणखी पुलाव वाढला.

दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा काचेवरच्या रशियन अक्षरांखाली कोरियनमध्ये एक नवी ओळ रंगवलेली दिसली. अक्षर अक्षर लावत वाचली: ‘गाजराचं किमची’. आत शेजारच्या वस्तीतल्या दोन कोरियन आज्या डबे घेऊन उभ्या होत्या. मीही अर्धा किलो बांधून घेतलं. घरी आमच्या सौ.नं चव पाहिली आणि त्यावर लिंबू पिळलं.