दहा गुणांच्या वर्तुळामागील कारागिरी

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले. या प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलीमीटर असतो आणि गोळीचा ५.६ मिलीमीटर. नेम धरण्याच्या पुढील व मागील साइटमध्ये पाऊण मीटर अंतर धरले, तर पुढील साइट ०.१२ मिलीमीटरहून अधिक ढळताच गोळी दहाच्या वर्तुळाबाहेर पडते. नेमबाजाच्या एकाग्रतेचे कौतुक होते, ते योग्यच. पण याच मापात काम करणारा रायफलचा कारागीर सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही.

रायफलचा जीव तिच्या नळीत असतो. नळीतील सर्पिल खाचा गोळीला गिरकी देतात. या प्रकारातील नळीत साधारणपणे १६ इंचांत एक फेरा असतो. सेकंदाला ३२५ मीटर वेगाने निघालेली गोळी त्यामुळे सेकंदाला सुमारे ८०० फेरे घेते. (वेग मुद्दामच ध्वनीपेक्षा कमी राखलेला असतो, ध्वनीचा वेग ओलांडताना होणारी खळबळ अचूकतेस मारक ठरते.) गोळी बसते तो कोठा नळीच्या अक्षाशी तंतोतंत जुळला नाही, तर ती खाचांमध्ये तिरकी शिरते. त्याहून नाजूक भाग नळीच्या तोंडाचा. तेथे सूक्ष्म ओरखडा असला, तरी मागून येणारा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. महागड्या रायफलचा नेम बिनसण्यामागे कधी कधी दोष एवढाच असतो. अशा वेळी कारागीर लेथवर हे तोंड नव्याने कातून देतो.

नळी दस्त्यात बसविण्याचे कामही तितकेच कसबाचे. स्क्रू आवळताना ताण विषम पडला, तर प्रत्येक गोळीचा मार्ग थोडा बदलतो. लाकूड दमट हवेत फुगते, म्हणून स्पर्धेच्या रायफलमध्ये ॲल्युमिनियमचे दस्ते रुळले. गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून अशा तिन्ही अवस्थांसाठी गालाचा आधार व खांद्यापाशी टेकणारा भाग बदलता यावा लागतो.

एवढे करूनही एका नळीला मानवणारी गोळी दुसरीला मानवेलच असे नाही. एकाच कारखान्यातील वेगवेगळ्या खेपांतही फरक आढळतो. यासाठी रायफल चौकटीत घट्ट आवळून खेपेमागून खेप उडवून पाहिली जाते. ब्रिटनमधील ईली कंपनीसारखे उत्पादक त्यासाठी चाचणीची सोय करून देतात.

आपल्याकडे हे काम हौसेखातर घरी करता येत नाही. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदूक बनविण्यास, दुरुस्त करण्यास किंवा तिची चाचणी घेण्यास परवाना लागतो. नळी आखूड करण्यासाठी कलम ६ अन्वये परवाना आवश्यक आहे.