ऑलिम्पिकच्या पावसात आरव्हीचा मुक्काम

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यात ऑलिम्पिक नॅशनल पार्क वसले आहे. १९३८ साली स्थापन झालेल्या आणि १९८१ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झालेल्या या राष्ट्रीय उद्यानात हिमनद्या, पर्जन्यवने आणि शंभर किलोमीटरहून लांब पॅसिफिक किनारा एकत्र नांदतात. सिएटल परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ते मोटारीने साडेतीन-चार तासांवर. तेथे आरव्ही, म्हणजे बिछाने, शेगडी आणि स्वच्छतागृह असलेली मोटार घेऊन राहायचे असेल, तर आखणीचा आरंभ स्थळांच्या यादीपासून नव्हे, गाडीच्या लांबीपासून करावा लागतो.

उद्यानातील तळ जुन्या, मोठ्या वृक्षांमध्ये वसलेले आहेत. ‘कलालोच’ असे लिहून ‘क्लेलॉक’ असा उच्चार होणारा समुद्रकाठचा तळ, रिआल्टो किनाऱ्याजवळचा मोरा आणि होह खोऱ्यातील तळ येथील बहुतेक जागा २१ फुटांपर्यंतच्या गाड्यांसाठी आहेत; ३५ फुटी गाडी मावेल अशा जागा मोजक्याच. भाड्याने मिळणारी ऐसपैस गाडी पाहून मोह होतो, पण तीच गाडी ऐनवेळी तळाच्या दारातून परत फिरवावी लागते. सिएटलहून फेरीबोटीने खाडी ओलांडायची झाल्यास भाडेही गाडीच्या लांबीवरच ठरते.

होह खोऱ्यात वर्षाला १२ ते १४ फूट पाऊस पडतो. मुंबईच्या सरासरीच्या साधारण दीडपट. मात्र त्याचे वेळापत्रक आपल्या उलट आहे. मुसळधार सरी नोव्हेंबर ते जानेवारीत कोसळतात, तर जुलै-ऑगस्ट हे सर्वांत कोरडे महिने. साहजिकच गर्दी तेव्हाच उसळते. त्यामुळे क्लेलॉकसारख्या तळाचे उन्हाळी आरक्षण सहा महिने आधी करणेच श्रेयस्कर. सप्टेंबरचा पूर्वार्ध हा उत्तम तोडगा: गर्दी ओसरलेली आणि पावसाचा जोर अजून दूर. सह्याद्रीपलीकडे जशी पर्जन्यछाया, तशीच ती येथेही आहे. पर्वतांच्या ईशान्येला असलेल्या स्क्विम गावी वर्षभरात जेमतेम १६ इंच पाऊस होतो. किनाऱ्यावर भिजून कंटाळा आल्यास अखेरचा मुक्काम तिकडे हलवावा.

उद्यान स्वतः चालवत असलेल्या तळांवर वीज, पाणी वा सांडपाण्याची जोडणी नाही, स्नानगृहेही नाहीत. तशी सोय हवी असल्यास फोर्क्ससारख्या गावातील खासगी आरव्ही पार्क गाठावे. अन्यथा पाण्याची टाकी भरून आणि मैल्याची टाकी रिकामी करूनच आत शिरावे. गॅसवर चालणाऱ्या हीटरचा पंखा बॅटरीवर फिरतो, याचा अनेकांना विसर पडतो. घनदाट वृक्षांखाली, ढगाळ आकाशात सौर पत्र्यांचा भरवसा नाही आणि जनरेटर ठराविक तासांतच लावता येतो. बंद गाडीत कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या की खिडक्यांना पाझर फुटतो. बाहेर पाऊस असला तरी छताचा झरोका किंचित उघडा ठेवावा. ओल्या बुटांसाठी दाराशी एक परात आणि जुने टॉवेल असले की निम्मी कटकट मिटते. अन्न मात्र गाडीबाहेर ठेवू नये. रॅकून आणि अस्वले दोन्ही आहेत.

उद्यानाला आरपार छेदणारा एकही रस्ता नाही. महामार्ग क्रमांक १०१ त्याला वळसा घालतो आणि तेथून आडवाटांनी आत जावे लागते. एखादी आडवाट खचली, की ते खोरेच बंद होते. डिसेंबर २०२४ मध्ये होह नदीने रस्ता कापून नेला आणि तो थेट मे २०२५ मध्ये खुला झाला. म्हणून निघण्याच्या दिवशी सकाळी उद्यानाच्या संकेतस्थळावरील रस्त्यांची स्थिती पाहणे अनिवार्य समजावे.

खरा धोका किनाऱ्यावर असतो. नद्यांनी वाहून आणलेले प्रचंड ओंडके रिआल्टोच्या वाळूत रचून ठेवल्यासारखे दिसतात, छायाचित्रासाठी त्यांवर चढण्याचा मोहही होतो. भरतीची एखादी मोठी लाट हे ओंडके सहज उचलते आणि त्यांखाली सापडून माणसे दगावली आहेत. वादळी हवेत त्यांच्या जवळपासही फिरकू नये. कड्यांना वळसा घालून जाण्याच्या काही वाटा केवळ ओहोटीतच मोकळ्या होतात; तेव्हा भरती-ओहोटीचे वेळापत्रक कागदावर उतरवून खिशात ठेवावे. या किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज मिळत नाही.