वनस्पतिज तेल-इंधन

डीझेल एंजिनात खनिज डीझेल तेलाऐवजी जाळण्यात येणारे बियांचे तेल, तसेच तळणासाठी वापरून झालेले खाद्यतेल यांस वनस्पतिज तेल-इंधन असे म्हणतात. ही तेले दाट असल्याने ती बहुधा तापवूनच एंजिनाला द्यावी लागतात. तापवायची नसल्यास रासायनिक प्रक्रियेने त्यांचे पातळ एस्टर म्हणजे जैव डीझेल बनवावे लागते. म्हणजे एक तर एंजिन तेलाला जुळवून घ्यावे लागते किंवा तेल एंजिनाला. या इंधनाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास मुख्यत्वे या दोन मार्गांचा इतिहास आहे.

पूर्वेतिहास : रूडोल्फ डीझेल यांनी आपले एंजिन भुईमुगाच्या तेलासाठीच बनविले, हा समज रूढ असला तरी तो चुकीचा आहे. १८९३ मध्ये आउग्सबुर्ग येथे झालेल्या पहिल्या चाचण्या खनिज इंधनावर झाल्या. १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनात मात्र ओटो कंपनीने मांडलेले एक लहान डीझेल एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले. खनिज तेलासाठी बनविलेले ते एंजिन कोणताही बदल न करता चालले. या प्रयोगामागे फ्रेंच सरकारची प्रेरणा होती; आफ्रिकेतील वसाहतींना तेथेच पिकणाऱ्या तेलावर शक्ती मिळावी, हा त्याचा हेतू होता. १९३७ मध्ये जी. शाव्हान यांनी पाम तेलापासून एथिल एस्टर बनविण्याचे बेल्जियन पेटंट घेतले व पुढील वर्षी ब्रुसेल्स–लूव्हाँ मार्गावर या इंधनाची एक बस चालविण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात खनिज तेलाची टंचाई झाल्यावर अनेक देशांत वनस्पतिज तेलांकडे लक्ष वळले. भारतीय तेलांच्या इंधन म्हणून घेतलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले. युद्धानंतर खनिज तेल स्वस्त झाले आणि हा विषय मागे पडला. १९७३ च्या तेलसंकटानंतर तो पुन्हा पुढे आला. १९८२ मध्ये अमेरिकेतील फार्गो येथे या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. जर्मनीत लुडव्हिख एल्सबेट यांनी वनस्पतिज तेलासाठी खास एंजिन विकसित केले.

श्यानता व उष्णता : डीझेल एंजिनात इंधनाचा अतिसूक्ष्म फवारा तापलेल्या, दाबलेल्या हवेत सोडला जातो व तो आपोआप पेट घेतो [→ डीझेल एंजिन]. फवारा किती बारीक होईल हे इंधनाच्या श्यानतेवर (दाटपणावर) अवलंबून असते. ३८° से. तापमानास डीझेल तेलाची श्यानता सु. ३ सेंटिस्टोक असते. त्याच तापमानास सोयाबीन व सरकी यांच्या तेलांची सु. ३३ आणि भुईमूग तेलाची सु. ४० असते. त्यामुळे तेल गाळणीतून व अंतःक्षेपकातून नीट जात नाही, थेंब मोठे राहतात आणि ज्वलन अपुरे होते. न जळलेले तेल दट्ट्याच्या कड्यांवर साचून कडक होते, वंगण तेलात उतरून त्यालाही दाट करते. पहिले काही तास उत्तम चालणारे एंजिन काही शे तासांनी निकामी होण्याचे हे कारण होय.

वनस्पतिज तेल तापविणे हे थंड हवामानापुरतेच आवश्यक आहे, असे सामान्यतः समजले जाते. नागपूरचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे मे महिन्यात कमाल तापमान ४५° से. च्या आसपास जाते. पण या तापमानासही सोयाबीन तेल डीझेलच्या मानाने सु. दहापट दाट असते. हिवाळ्यात किमान तापमान १०° से. च्या खाली उतरू शकते. अशा वेळी विदर्भाच्या जंगलात मिळणाऱ्या मोहाच्या बियांचे (टोळीचे) तेल थिजते. या प्रदेशातील जवसाचे तेल थिजत नाही व तुलनेने पातळही असते. पण ते हवेत लवकर वाळणारे आहे. रंगांत ज्या गुणामुळे त्याची मागणी असते, तोच गुण एंजिनात दोष ठरतो.

तेल तापविण्यासाठी वाहनात बहुधा दोन टाक्या बसवितात. एंजिन डीझेलवर सुरू केले जाते. एंजिनाभोवती फिरून ८०° ते ९०° से. पर्यंत तापलेले पाणी तेलाच्या टाकीतील वेटोळ्यातून, तेलनळीभोवतीच्या आवरणातून व गाळणीजवळील उष्णता-विनिमयकातून नेले जाते. तेल सु. ७०° से. वर गेल्यावर झडप फिरवून एंजिन तेलावर घेतात. थांबण्यापूर्वी काही मिनिटे ते पुन्हा डीझेलवर चालवितात. अन्यथा नळ्यांत राहिलेले तेल थंड झाल्यावर एंजिन पुन्हा सुरू होत नाही. या तापमानासही तेलाची श्यानता डीझेलच्या चौपट-पाचपट राहते. उष्णता अंतर कमी करते, मिटवीत नाही. विहिरीवरील किंवा पिठाच्या गिरणीवरील मंदगती एंजिनाला हा फरक बऱ्याच अंशी सोसतो. आदिलाबाद जिल्ह्यातील चालपडी या आदिवासी गावात २००१ च्या सुमारास करंज तेलावर जनित्र चालवून घरांना वीज देण्यात आली, ती अशाच स्थिर एंजिनाच्या आधारे. वाहनाचे एंजिन मात्र सतत बदलत्या गतीने व भाराने चालते. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनुसार बनलेल्या वाहनांत अतिउच्च दाबाचे अंतःक्षेपण व काजळी अडविणारी गाळणी असते. त्यांना असे तेल मानवत नाही. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा फेरबदल वाहनात करता येत नाही.

नागपूरमधील परंपरा : कामठी येथील उद्योगपती डी. लक्ष्मीनारायण (मृ. १९३०) यांनी उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला मोठी देणगी ठेवली. तीतून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तेल तंत्रविज्ञान हा तेथील जुन्या विषयांपैकी एक आहे. सरकी, जवस व पुढे सोयाबीन पिकविणाऱ्या प्रदेशात तेलाचे शुद्धीकरण, वसाम्ले व साबण यांचा अभ्यास होणे स्वाभाविक होते. जैव डीझेलचे रसायनशास्त्र याच अभ्यासाचे अंग आहे.

एंजिनच इंधनाला जुळवून घेण्याचा मार्गही नागपुरात शहर वाहतुकीत आजमावला गेला. इंधन तेथे तेल नसून एथेनॉल होते. २०१४ मध्ये तेथे स्कॅनिया कंपनीची एथेनॉलवर चालणारी बस सुरू झाली. डीझेल तत्त्वाच्या या एंजिनात संपीडन बरेच वाढविलेले असते आणि सु. ९५ टक्के एथेनॉलमध्ये प्रज्वलनास साहाय्यक द्रव्य मिसळावे लागते. पुढे बसगाड्यांची संख्या वाढविण्यात आली. तथापि २०१८ मध्ये ही सेवा बंद पडली. खास एंजिनाला खास इंधनाचा अखंड पुरवठा व त्याची सेवा देणारी व्यवस्था लागते. तेल तापविणाऱ्या वाहनांचा प्रसारही जगभर मर्यादित राहिला, त्याचे एक कारण हेच आहे.

एस्टरीकरण : दुसऱ्या मार्गात तेलाची दाहक सोड्यासारख्या उत्प्रेरकाच्या उपस्थितीत मिथिल अल्कोहॉलाशी विक्रिया करतात. ग्लिसरीन वेगळे होऊन मिथिल एस्टर उरते. त्याची श्यानता ४ ते ५ सेंटिस्टोक असल्याने ते न तापविता व एंजिनात विशेष बदल न करता डीझेलमध्ये मिसळता येते. ३१ डिसेंबर २००२ रोजी भारतीय रेल्वेने दिल्ली–अमृतसर शताब्दी एक्सप्रेस ५ टक्के जैव डीझेलच्या मिश्रणावर चालवून पाहिली. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाच्या व्यापक लागवडीची शिफारस केली. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट होते. पडीक, कोरडवाहू जमिनीवर या झुडपाचे उत्पन्न अपेक्षेच्या मानाने फारच कमी आले आणि योजना फसली. पाणी व खत दिल्यावाचून भरघोस बी देणारे झाड मिळेल, ही अपेक्षाच निराधार होती. २०१८ च्या धोरणाने उद्दिष्ट २०३० पर्यंत ५ टक्के असे खाली आणले आणि वापरलेल्या खाद्यतेलाकडे लक्ष वळविले.

वापरलेले तेल : वारंवार तळण केल्याने तेलात पाणी, अन्नकण व मुक्त वसाम्ले वाढतात आणि त्याचे रेणू एकमेकांस जोडले जाऊन ते अधिक दाट होते. असे तेल न गाळता तापवून एंजिनात घालणे धोक्याचे असते. मुक्त वसाम्ले अधिक असल्यास एस्टरीकरणातही साबण तयार होतो. म्हणून आधी अम्लप्रक्रिया करावी लागते. गॅरेजमधील जुने वंगण तेल याहून वेगळे समजावे. त्यात धातूंचे कण व राख निर्माण करणारी द्रव्ये असतात; त्याची गणना घातक अपशिष्टांत होते व ते नोंदणीकृत पुनःशुद्धीकरण केंद्राकडेच जावे लागते.

वापरलेल्या खाद्यतेलाचा प्रश्न मुळात इंधनाचा नाही, आरोग्याचा आहे. मोठ्या उपाहारगृहांतून व फरसाणाच्या कारखान्यांतून निघणारे असे तेल स्वस्तात विकले जाऊन रस्त्यावरील कढईत पुन्हा येते किंवा गटारात सोडले जाते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरविली व त्यापलीकडे गेलेले तेल अन्नासाठी वापरण्यास मनाई केली. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवावी लागते. याच वर्षी असे तेल गोळा करून जैव डीझेल उत्पादकांकडे पोहोचविण्याचा उपक्रम सुरू झाला. त्याचे यश संकलनाच्या भावावर अवलंबून आहे. इंधनासाठी मिळणारा भाव कढईसाठी मिळणाऱ्या भावापेक्षा अधिक असेल, तरच तेल अन्नातून बाहेर पडेल.

मूल्यमापन : उपलब्ध तेलाचे प्रमाण पाहता हे इंधन खनिज डीझेलची जागा घेऊ शकत नाही. तेल तापविण्याची युक्ती स्थिर, मंदगती एंजिनांना व जुन्या वाहनांना उपयोगी पडली. व्यापक वापरासाठी एस्टरीकरणाचा मार्गच टिकला. कारण लाखो एंजिने बदलण्यापेक्षा एका कारखान्यात तेल बदलणे सोपे असते.