रिओव्हानेस किल्ला

रिओव्हानेस किल्ला : ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ या जपानी व्हिडिओ गेममधील एक ठिकाण आणि तिथे लागोपाठ होणाऱ्या तीन लढाया. गेमच्या चार प्रकरणांपैकी तिसरे प्रकरण या लढायांनी संपते. पटावर पाळीपाळीने खेळल्या जाणाऱ्या डावपेचांच्या गेममधील अवघड टप्प्यांचा विषय निघाला की रिओव्हानेसचे नाव हमखास येते. इथला शत्रू बलाढ्य आहेच; पण तोपर्यंत खेळाडूच्या हाताला बसलेली खेळण्याची रीत इथे अचानक निरुपयोगी ठरते, ही खरी अडचण आहे.

हा गेम स्क्वेअर कंपनीने 20 जून 1997 रोजी जपानमध्ये प्लेस्टेशनसाठी प्रसिद्ध केला. अमेरिकेत तो जानेवारी 1998 मध्ये आला. दिग्दर्शक यासुमी मात्सुनो यांनी त्याआधी क्वेस्ट या कंपनीत ‘टॅक्टिक्स ओगर’ (1995) केला होता आणि उंचसखल चौकोनी घरांचा पट, गडद राजकीय कथा, सरदारघराण्यांतील कलह ही सामग्री त्यांनी तिथूनच सोबत आणली. कथा इव्हालिस या काल्पनिक राज्यात घडते. राजाच्या मृत्यूनंतर अल्पवयीन वारसाच्या नावाने राज्य कोणी चालवायचे यावरून दोन ड्यूकांमध्ये युद्ध पेटते. एकाच्या निशाणावर काळा सिंह, दुसऱ्याच्या निशाणावर पांढरा. इंग्लंडमधील पंधराव्या शतकातल्या गुलाबांच्या युद्धाची छाप त्यावर स्पष्ट आहे. नायक रामझा हा प्रतिष्ठित बिऊल्व्ह घराण्यातला धाकटा मुलगा. घर सोडून तो या भांडणामागचे धर्मपीठाचे कारस्थान उलगडत जातो.

रिओव्हानेसचा धनी ग्रँड ड्यूक बॅरिंटन. रामझाची बहीण आल्मा पळवली गेली आहे आणि तिच्या बदल्यात बॅरिंटनला रामझाकडचा, धर्मपीठाचे बिंग फोडणारा एक जुना ग्रंथ हवा आहे. त्याच्याच पदरी वाढलेली राफा आणि मलाक ही अनाथ बहीणभावंडे. त्यांच्या गावाने आपली गुप्त विद्या द्यायला नकार दिला म्हणून बॅरिंटननेच ते गाव जाळले होते. राफाला हे कळले आहे, मलाकचा त्यावर विश्वास नाही. किल्ल्यात आणखी एक जण आहे, विग्राफ. याआधीच्या पन्नास वर्षांच्या युद्धात लढूनही मोबदला न मिळालेल्या सामान्य शिपायांच्या बंडाचा तो पुढारी होता. त्याची बहीण पहिल्या प्रकरणात रामझाच्या तुकडीच्या हातून मारली गेली. पुढे ऑर्बोन मठात मरणासन्न झालेला असताना मेष राशीच्या जादुई मण्याशी सौदा करून तो राक्षसी रूपाचा धनी झाला. रामझा आणि विग्राफ समोरासमोर येतात तेव्हा दोघांमधला हा जुना हिशेब खेळाडूच्या ओळखीचा असतो. म्हणूनच त्या लढतीला नुसत्या अडथळ्यापलीकडचे वजन येते.

डावपेच समजण्यासाठी आधी या गेममधली वेळेची गणना समजून घ्यावी लागते. इथे दोन्ही पक्ष आळीपाळीने सगळी पात्रे हलवत नाहीत. प्रत्येक पात्राचा स्वतंत्र काळांक असतो. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला त्यात त्या पात्राच्या वेगाइतकी भर पडते आणि तो 100 झाला की त्या पात्राची पाळी येते. वेग 8 असेल तर पाळीला 13 ठोके लागतात. वेग 16 असेल तर 7. पाळीत पात्र चालले आणि कृतीही केली तर काळांकातून 100 वजा होतात, दोहोंपैकी एकच केले तर 80, आणि काहीच केले नाही तर 60. म्हणजे जागेवरून न हलता केलेली कृती पुढच्या पाळीसाठी 20 शिल्लक ठेवते. इतर लढायांत हा फरक सहज दुर्लक्षिता येतो. रिओव्हानेसच्या दुसऱ्या लढाईत मात्र सगळे गणित यावरच चालते.

पहिली लढाई किल्ल्याच्या दरवाजापाशी होते. तटावर धनुर्धारी, खाली सरदार आणि समोर मलाक अशी मांडणी आहे. राफा रामझाच्या बाजूने लढते, पण तिच्या चाली संगणक ठरवतो. लढाई नेहमीच्या पठडीतली आहे. उंचावरच्या धनुर्धाऱ्यांना आधी गाठले की फारसे अडत नाही. तिचे महत्त्व वेगळ्याच कारणाने आहे. ती संपताच गेम खेळाडूला खेळ जतन करायचा का असे विचारतो आणि लगेच आतल्या लढाईकडे नेतो. मधल्या वेळेत पात्रांचे व्यवसाय (म्हणजे लढाईतल्या भूमिका), कौशल्ये आणि हाताशी असलेली शस्त्रे बदलता येतात. परंतु बाजारात जाता येत नाही, सराव करता येत नाही आणि नकाशावर परतताही येत नाही. ज्याने हा मुक्काम जुन्या नोंदीवरच जतन केला आणि पुढे निभाव लागला नाही, त्याचा कित्येक तासांचा खेळ किल्ल्यात कोंडला जातो. मग पहिल्यापासून सुरुवात करण्यावाचून उपाय उरत नाही. मेमरी कार्डवर जागा असतानाही एकाच नोंदीवर भिस्त ठेवणाऱ्या अनेकांना हा धडा याच किल्ल्याने दिला. हा दोष खेळाडूचा नाही, रचनेचा आहे. पुढे परतीची वाट बंद आहे, याची सूचना गेम देत नाही.

दुसऱ्या लढाईत पाच जणांची तुकडी निवडायला सांगितले जाते, पण पटावर एकटा रामझा उतरतो. बाकीचे बाहेर अडकलेले असतात. इथवर खेळाडूने बरे करणारा वेगळा, जादू करणारा वेगळा, आघाडीवर मार खाणारा वेगळा अशी कामाची वाटणी करून ठेवलेली असते. त्या सवयीचा इथे काहीच उपयोग होत नाही. समोरच्या विग्राफकडे पवित्र तलवारविद्या आहे. तिचे वार दुरून पोहोचतात, त्यांना मंत्रासारखी तयारीची वेळ लागत नाही आणि ते चुकत नाहीत. ढाल किंवा चपळाई यांनी ते टळत नाहीत. त्यांतल्या काही वारांनी पात्र गोठते, मुके होते किंवा जागीच मरते. दोघांमधले अंतर सुरुवातीलाच थोडे असते. नाजूक जादूगाराचा व्यवसाय घेऊन आलेला रामझा दोन वारांत संपतो. तो एकटाच असल्याने त्याचे पडणे म्हणजेच पराभव.

यावर रूढ झालेले उत्तर वेगाचे आहे. रामझाच्या खास कौशल्यांमध्ये ओरडून वेग 1 ने वाढवण्याची एक कृती आहे. ती साथीदारांसाठी असली तरी स्वतःवरही चालते. प्रत्येक पाळीत ती वापरत राहिले की वेग चढत जातो, पाळ्या लवकर येऊ लागतात आणि त्या जादा पाळ्यांत वेग आणखी वाढवता येतो. काही वेळाने विग्राफच्या एका पाळीत रामझाच्या दोन, मग तीन पाळ्या होतात. तेव्हा एका पाळीत वार करून पुढच्या पाळीत त्याच्या टप्प्याबाहेर निघून जाणे शक्य होते. ताकद 1 ने वाढवणारी दुसरी कृतीही अशीच साठवता येते. ती आधी घ्यावी की वेग आधी, यावर मतभेद असले तरी वेगाची बाजू भक्कम आहे, कारण वाढलेला वेग ताकद वाढवण्यासाठीही पाळ्या मिळवून देतो.

अडचण पहिल्या काही पाळ्यांची असते, कारण त्यात तग धरावा लागतो. यासाठी औषधविक्याच्या व्यवसायातली प्रतिक्रिया उपयोगी पडते. मार बसला की पात्र आपोआप औषध पिते. ही प्रतिक्रिया कितीदा चालेल हे धैर्याच्या आकड्यावर ठरते. धैर्य 70 असेल तर शंभरात सत्तर वेळा. इथे एक मेख आहे. पात्र नेहमी साठ्यातले सर्वांत हलके औषध आधी पिते. साध्या औषधाने 30, मधल्या प्रतीच्या औषधाने 70 आणि वरच्या प्रतीच्या औषधाने 150 एचपी (जीवशक्तीचे अंक) परत मिळतात. म्हणून जाणकार खेळाडू किल्ल्यात शिरण्याआधीच साधी औषधे विकून टाकतात. दरवाजाची लढाई झाल्यावर ही युक्ती सुचली तर उपयोग नाही, कारण बाजार मागे राहिलेला असतो.

राशींचाही परिणाम होतो. गेमच्या सुरुवातीला रामझाची जन्मतारीख विचारली जाते आणि तिच्यावरून रास ठरते. विग्राफची रास कन्या आहे. वृषभ किंवा मकर राशीच्या रामझाचे त्याच्याशी चांगले जुळते. परिणामी दोघांचेही वार एकमेकांना सव्वापट लागतात. मीन राशीच्या रामझाचे त्याच्याशी सर्वांत वाईट जुळते आणि दोघांचे वार निम्म्यावर येतात. वेग साठवण्याच्या डावपेचाला ही निम्म्यावरची लढत फार सोयीची, कारण तिथे वेळ मिळणे हाच फायदा असतो. वीस-पंचवीस तासांपूर्वी सहज भरलेल्या तारखेने एवढा फरक पडावा, हे या गेमच्या स्वभावाला धरूनच आहे.

विग्राफ हरला की तो वेलियस या राक्षसाचे रूप घेतो. त्याच्यासोबत तीन दानव प्रकट होतात आणि रामझाचे साथीदारही आत येतात. ही नवी लढाई नसून जुनीच पुढे चालू राहते. त्यामुळे रामझाने कमावलेला वेग आणि ताकद कायम असतात. आधीच्या टप्प्यात धीराने वेग वाढवलेला खेळाडू वेलियसला त्याची पाळी येण्याआधीच लोळवू शकतो. ज्याने विग्राफला घाईने कसेबसे संपवले, त्याला मात्र इथे खरी लढाई लढावी लागते. वेलियसच्या आवाहनमंत्रांचा मारा एका घराभोवतीच्या मोठ्या भागावर होतो. म्हणून तुकडी विखुरलेली ठेवणे आवश्यक असते. दानवांकडे लक्ष देण्याची गरज नसते, कारण वेलियस पडला की लढाई जिंकली. सगळे वार त्याच्यावर, बाकीच्यांकडे दुर्लक्ष, एवढाच इथला डावपेच.

तिसरी लढाई किल्ल्याच्या छपरावर होते. बॅरिंटनची गोळी राफाच्या वाटेची असते, पण मलाक आडवा येतो आणि कोसळतो. बॅरिंटनलाही छपरावरून खाली फेकले जाते. मग सरदार एल्मडोर आणि सेलिया व लेडे या त्याच्या दोन मारेकरणी समोर उभ्या राहतात. काम राफाला वाचवण्याचे आहे. तिघांनाही मारावे लागत नाही. त्यांच्यातल्या एका मारेकरणीची प्रकृती धोक्याच्या पातळीवर आली तरी शत्रू माघार घेतो. ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात मारेकरणी कमालीच्या वेगवान आहेत. एका झटक्यात प्राण घेण्याची किंवा पात्र गोठवण्याची विद्या त्यांच्याकडे आहे. राफाचे एचपी थोडे आहेत आणि तिच्या चाली खेळाडूच्या हातात नाहीत. मागे सरून राहण्याऐवजी ती बऱ्याचदा शत्रूच्या अंगावर चालून जाते. ती पडली की लढाई तिथेच हरली. कधीकधी खेळाडूची एकही पाळी येण्याआधी हा निकाल लागतो.

इथेही उपाय वेगाचाच, पण तो घरून आणावा लागतो. छपरावर तो वाढवायला सवड मिळत नाही. निंजासारखा वेगवान व्यवसाय, वेग 1 ने वाढवणारे धावण्याचे जोडे आणि तितकाच वेग देणारी हिरवी बेरे टोपी असा सरंजाम घेतलेली दोन-तीन पात्रे पुढच्या घरांवर उभी करतात. ती सगळी मिळून एकाच मारेकरणीवर तुटून पडतात. दोन्ही हातांत शस्त्र धरणारा निंजा यात विशेष कामाचा. लांब तयारी लागणारे मंत्र इथे निरुपयोगी असतात, कारण मंत्र पुरा होईपर्यंत निकाल लागलेला असतो. सगळी तयारी चोख असली तरी पहिल्या दोन-चार पाळ्यांत शत्रू कोणाला लक्ष्य करतो आणि राफा कुठल्या दिशेने पाऊल टाकते, यावर बरेच अवलंबून राहते.

तिन्ही लढायांची तुलना केली तर विग्राफची लढत सर्वांत कठीण मानली जात असली तरी ती न्याय्य आहे. तिचे उत्तर गेमच्या नियमांतच दडलेले आहे, ते शोधणाऱ्याला हमखास जिंकता येते आणि कथेचा भारही ती नीट पेलते. छपरावरची लढाई त्या कसोटीला उतरत नाही. ज्याच्या चाली खेळाडूच्या हातात नाहीत त्याच्या जिवावर निकाल टांगणे म्हणजे कौशल्याच्या जागी दैव बसवणे होय. नवखा आणि मुरलेला खेळाडू दोघेही तिथे सारखेच फसू शकतात.

छपरावरच्या विजयानंतर वृश्चिक राशीच्या मण्याच्या प्रभावाने मलाक पुन्हा जिवंत होतो, भावंडे रामझाच्या तुकडीत सामील होतात आणि चौथे प्रकरण सुरू होते. ‘द वॉर ऑफ द लायन्स’ या उपशीर्षकाने 2007 मध्ये प्लेस्टेशन पोर्टेबलसाठी आलेल्या आवृत्तीत इंग्रजी संवाद नव्याने लिहिले गेले आणि वेलियसचे बेलियस, मलाकचे माराक अशी काही नावे बदलली. किल्ल्यातील लढायांचा क्रम तोच राहिला. 30 सप्टेंबर 2025 रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘द इव्हालिस क्रॉनिकल्स’ या आवृत्तीत काठिण्याच्या निवडक पातळ्या आणि आपोआप जतन होण्याची सोय आहे. मूळ आवृत्ती खेळणाऱ्याने मात्र दरवाजाच्या लढाईआधीची नोंद वेगळी राखून ठेवावी.