दोन खोल्यांमधले अंतर

चंदगडचा काजू घाटरस्त्याने बाहेर जातो आणि त्याच रस्त्यांनी येथली तरुण मुले बेळगाव, गोवा, पुणे, मुंबई गाठतात. काम जेथे असेल तेथे माणसाने जायचे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरले. संगणकाच्या क्षेत्रात मात्र गेल्या पन्नास वर्षांत कामच माणसाकडे येऊ लागले. अमेरिकेतल्या कंपनीचे काम पुण्यात बसून करण्याचे आज कोणाला नवल वाटत नाही. पण हे शक्य आहे की नाही, ते आधी एका साध्या प्रयोगाने तपासले गेले होते.

१९७२ साली नरेंद्र आणि पूनम पटनी हे दांपत्य अमेरिकेतील केंब्रिज येथे राहत होते. कागदावरची माहिती संगणकाला वाचता येईल अशा रूपात आणण्याचे काम तेव्हा हातानेच करावे लागे आणि अमेरिकेत ते महाग पडे. भारतात ते करून घेता येईल का? पटनींनी आपल्या घरातलीच एक खोली अमेरिका मानली आणि दुसरी भारत. दोन खोल्यांमध्ये बोलायचे नाही, सूचना द्यायच्या त्या फक्त लिहून.

या प्रयोगाची रचना पाहण्याजोगी आहे. अंतर, यंत्रे, टपाल अशा अडचणी अनेक होत्या. त्यांतला एकच प्रश्न त्यांनी वेगळा काढला: केवळ लेखी सूचनांवर काम बिनचूक होते का? उत्तर होकारार्थी आले, तेव्हा पुण्यात काम सुरू झाले. येथे मजकूर टंकित करून कागदी फितींवर छिद्रे पाडली जात आणि त्या फिती अमेरिकेला पाठवल्या जात.

पुढे, १९७८ साली, पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स उभी राहिली. तेथून बाहेर पडून नारायण मूर्ती व त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी १९८१ साली पुण्यात इन्फोसिस स्थापन केली. त्याआधीच, १९६८ साली मुंबईत सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सीने १९७४पासून बरोज या अमेरिकी कंपनीसाठी काम हाती घेतले होते. पण देशात संगणक थोडे, आयातीवर जबर कर आणि दूरध्वनीचा भरवसा नाही. त्यामुळे बऱ्याचदा अभियंत्यालाच विमानात बसावे लागे. म्हणजे नियम जुनाच राहिला!

तो मोडला दळणवळणाने. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ साली बंगळूरला केंद्र उघडले आणि पुढे ते उपग्रहाने अमेरिकेशी जोडले. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. १९९१ साली केंद्र सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ही संस्था स्थापन केली. पुण्याचे केंद्र तिच्या पहिल्या केंद्रांपैकी होते. नंतर समुद्रतळाच्या काचतंतूंनी हे अंतर आणखी कमी केले. २०२०च्या टाळेबंदीत तर अनेक अभियंत्यांनी आपापल्या गावी बसून परदेशातली कामे केली. अट एकच होती, गावात जोडणी हवी.

या हकीकतीला दुसरी बाजूही आहे. काम येथे आले ते मुख्यतः येथला पगार कमी होता म्हणून. ज्या कारणाने आले त्याच कारणाने ते उद्या आणखी स्वस्त देशात जाऊ शकते, किंवा यंत्राकडे जाऊ शकते. पुण्यात फितींवर उतरवला जाणारा मजकूर आज यंत्रे स्वतः वाचतात. म्हणून मुलांना नुसते कळफलकावर बोटे चालवायला शिकवून भागणार नाही, असे आम्हांला वाटते. न पाहिलेल्या माणसाला कळेल असे नेमके लिहिणे, आणि त्याने लिहिलेल्यातले काय अपुरे आहे ते ओळखून प्रश्न विचारणे, ही कौशल्ये टिकणारी आहेत. ती शिकवायला संगणकही लागत नाही.

पटनींचा प्रयोग आपल्या शाळेत करून पाहा. एका वर्गातल्या गटाला भूमितीची एखादी आकृती द्या. त्यांनी तिचे वर्णन चिठ्ठीवर लिहावे, शेजारच्या वर्गातल्या गटाने ती चिठ्ठी वाचून आकृती काढावी. शंका असतील तर त्याही लिहूनच विचाराव्यात. शेवटी दोन्ही आकृत्या शेजारी ठेवा. चूक कोठे झाली, काढणाऱ्याची की लिहिणाऱ्याची, यावर वर्गात चर्चा होऊ द्या. चंदगड आणि न्यूयॉर्क यांच्यातले खरे अंतर किती, ते मुलांना त्या चिठ्ठ्यांवरूनच कळेल.