सही, साक्ष आणि समिती

शाळा सुटल्यावर पोरांनी कामाला कसं लागावं, हे ठरवताना कोणाकोणाला विचारायचं? आपल्याकडच्या कागदांत या प्रश्नाचा माग १८५० पर्यंत लागतो. त्या साली कंपनी सरकारने शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला. डोळ्यांसमोर मुख्यतः अनाथ आणि धर्मादायावर वाढलेली मुलं होती. दहाच्या पुढच्या आणि अठराच्या आतल्या मुलाला हुन्नर शिकण्यासाठी जास्तीत जास्त सात वर्षं मालकाकडे बांधून देता येई. अनाथाचा पालक म्हणून मॅजिस्ट्रेट उभा राही. करारावर मालकाची आणि बांधून देणाऱ्याची सही लागे आणि मुलाला चौदा वर्षं पूर्ण झालेली असतील, तर त्याचीही. नाही म्हणण्याची त्याची काय बिशाद! तरी कागदावर त्याची जागा होती.

१८८२ साली शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग आला आणि साक्षी घेण्याची पद्धत आली. पुण्याहून जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आयोगाला निवेदन दिलं. हायस्कुलातलं शिक्षण रोजच्या जगण्याला उपयोगी नाही, त्यातून कारकून आणि पंतोजीच तयार होतात; मॅट्रिकच्या परीक्षेने शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनाही ग्रासलंय आणि स्वतःच्या पायावर उभं राहायला लागतं ते त्यात काहीच नाही, असं त्यांनी रोखठोक मांडलं. प्राथमिक शाळेत मोडी, हिशेब आणि शेतीची तोंडओळख हवी, हीही त्यांची मागणी. ज्यांची मुलं शाळेपर्यंत पोचतच नव्हती, त्यांची बाजू फुल्यांमुळे दफ्तरी नोंदली गेली.

आयोगाने हायस्कुलाला दोन वाटा सुचवल्या: एक विद्यापीठाकडे जाणारी, दुसरी व्यापार-उद्योगाकडे. दुसरी वाट ओसच राहिली. सरकारी नोकरीचा मान पहिल्या वाटेने मिळत होता आणि आईबापांना हे आयोगापेक्षा चांगलं कळत होतं.

स्वातंत्र्यानंतर साक्षीची जागा समितीने घेतली. १८५० चा कायदा मोडीत काढून १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आला. त्यातल्या केंद्रीय परिषदेवर मालकांचे प्रतिनिधी, केंद्र आणि राज्य सरकारं, उद्योग-कामगार-तंत्रशिक्षणातले जाणकार. शिकाऊ पोरासाठी खुर्ची नाही. शिवाय कायद्याने तो कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी. त्यामुळे कामगार म्हणून गाऱ्हाणं मांडायचीही सोय नाही. कोठारी शिक्षण आयोगाने (१९६४-६६) देशभर फिरून सुमारे ९,००० जणांशी बोलणी केली, २,४०० वर निवेदनं घेतली. ही मंडळी विद्वान, शिक्षक, प्रशासक, उद्योगपती आणि विद्यार्थी अशी. १९८६ पर्यंत दहावीनंतरची निम्मी मुलं व्यवसाय शिक्षणाकडे वळावीत, हे त्यांनी सांगितलं. ते साल आलं नि गेलं.

२००७ साली केंद्राने १,३९६ सरकारी आयटीआय उद्योगांच्या भागीदारीत सुधारायला घेतले. प्रत्येक संस्थेला व्यवस्थापन समिती, तिला अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज. समितीची रचना पाहण्यासारखी आहे. अध्यक्ष भागीदार उद्योगाचा, चार सदस्य स्थानिक उद्योगांतले, राज्य सरकारकडून जिल्हा रोजगार अधिकारी, संचालनालयाचा माणूस, एक शिक्षणतज्ज्ञ, एक ज्येष्ठ निदेशक आणि एक विद्यार्थी, सचिव प्राचार्य. म्हणजे ११ जणांत एक पोरगा. कर्ज कुठे लावायचं, कोणता ट्रेड सुरू करायचा, हे बोलणं उद्योजक, अधिकारी आणि प्राचार्यांच्या समोर. त्याचं सर्टिफिकेट ज्यांच्या हातात, ती मंडळीही त्याच टेबलाशी. तिथे वर्कशॉपमधलं लेथ बंद पडून आहे, हे तो कोणत्या तोंडाने सांगणार?

२०२० च्या शैक्षणिक धोरणासाठीची विचारणा अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत गेली, दोन लाखांवर सूचना आल्या, असं सरकार सांगतं. त्या धोरणातही व्यवसाय शिक्षणाचं उद्दिष्ट निम्म्या विद्यार्थ्यांचंच. मुदत तेवढी २०२५.

या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत विचारपूस वाढली, यात वाद नाही. पण या सगळ्या यादीत एक माणूस सापडत नाही: दोन वर्षांपूर्वी पास होऊन आज एमआयडीसीत कंत्राटावर पाळी करणारा, किंवा ते सोडून गावी रिक्षा चालवणारा. शिकलेलं काय उपयोगी पडलं आणि काय वाया गेलं, हे वर्गातल्या पोराला अजून ठाऊक नसतं. मालकाला त्याची अर्धीच बाजू दिसते. दोन्ही बाजू पाहिलेल्या त्या माजी विद्यार्थ्याला पाळीचा खाडा भरून देऊन बैठकीला बोलवायला नवा आयोग लागत नाही.